बिनगाड्यांचं तरंगतं गाव

२७ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतल्या मायामी बंदरातून ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज पहिल्या सफरीला निघालं. लांबी ३६५ मीटर, वीस डेक, सात जलतरण तलाव, सहा पाण्याच्या घसरगुंड्या. पूर्ण भरलं तर ७,६०० प्रवासी आणि त्यांच्या दिमतीला २,३५० कर्मचारी. फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत हे जहाज बांधलं गेलं, तेव्हापासूनच लेकुरवाळी कुटुंबं आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती. सहा वर्षांखालच्या मुलांच्या घरांसाठी ‘सर्फसाइड’ नावाचा एक अख्खा भाग राखलेला आहे. मुलांचा पाण्यातला खेळ, आई-बापांची बसायची जागा आणि जेवणाची सोय तिथे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात ठेवली आहे.

जाहिरातीत घसरगुंड्या झळकतात आणि मुलांना त्या आवडतातही. पण चार-पाच दिवसांची सफर करून आलेल्या आई-वडिलांशी निवांत गप्पा मारल्या, तर थोड्या वेळाने वेगळीच गोष्ट निघते. मुलगा एकटा जाऊन आइसक्रीम घेऊन यायचा. मुलगी आजीला शोधत तीन डेक चढून जायची. ‘कुठे चाललीस, कोणाबरोबर चाललीस, पोचलीस की फोन कर’ हे रोजचं पालुपद चार दिवस बंद होतं. मोठ्या जहाजावर जाणारं कुटुंब समुद्राचे पैसे भरतं, पण त्याच्या पदरात पडतं ते असं एक गाव, जिथे एकही गाडी नाही आणि मूल स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मनाने हिंडू शकतं. ही खरेदी मुळीच हलकी नाही. मात्र त्यासाठी समुद्रावर का जावं लागतं आणि तिची किंमत आणखी कोण कोण मोजतं, हेही तितक्याच गंभीरपणे विचारायला हवं.

नऊ वर्षांच्या मुलीचा जहाजावरचा एक फेरफटका पाहिला की हे नीट कळतं. गळ्यातल्या फितीला केबिनचं कार्ड अडकवून ती बाहेर पडते. समोर लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. दारं धातूची असल्याने त्यांना लोहचुंबक चिकटतं; म्हणून बरीच कुटुंबं घरून आणलेली चित्रं दारावर लावतात आणि मुलं तीच खूण धरून परततात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या काही जहाजांवर बोळातल्या गालिच्यावर मासे काढलेले असतात आणि सगळ्यांची तोंडं जहाजाच्या पुढच्या टोकाकडे असतात. दिशा कळेनाशी झाली की खाली बघायचं. ती जिना चढून तलावाच्या डेकवर येते, यंत्राखाली कोन धरून आइसक्रीम घेते, खिडकीशी बसलेल्या आजोबांना एक घास देते आणि काल ओळख झालेल्या मुलाबरोबर टेबल टेनिस खेळायला थांबते. पाऊण तासात तिला एकदाही रस्ता ओलांडावा लागत नाही. वाटेत भेटणारी मोठी माणसं ‘तू एकटी कशी?’ असं विचारत नाहीत, कारण एकटं फिरणारं मूल तिथे नेहमीचंच असतं.

हे आपोआप घडलेलं नाही. एके काळी क्रूझ म्हणजे निवृत्त जोडप्यांची चैन, असा सर्वसाधारण समज होता. १९९८ मध्ये ‘डिस्ने मॅजिक’ हे जहाज आलं आणि त्यावर एका डेकचा बराचसा भाग मुलांना दिला गेला. पुढच्याच वर्षी रॉयल कॅरिबियन कंपनीने ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’च्या पोटातून चक्क एक रस्ता काढला. दोन्ही बाजूंना दुकानं आणि उपाहारगृहं, मध्ये चालायला मोकळी वाट. २००९ सालच्या ‘ओएसिस ऑफ द सीज’वर तर सात वस्त्या आखल्या गेल्या, त्यांतल्या एकीत उघड्या आकाशाखाली खऱ्या झाडांची बाग आहे, तर दुसरीत मुलांसाठी गोल फिरणारे लाकडी घोडे. माणसांना सुट्टीत काय हवंसं वाटतं याचा या कंपन्यांनी कसून अभ्यास केला आणि शेवटी त्या चालण्याजोग्या गल्लीपाशी येऊन थांबल्या.

ही गल्ली मुलांच्या हातून कशी गेली, याचा एक चोख पुरावा इंग्लंडमध्ये आहे. मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९७१ साली तिथली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात. १९९० पर्यंत हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं. या काळात रस्त्यांवरच्या अपघातांत मरणाऱ्या मुलांची संख्या घटली होती आणि सरकार त्याकडे बोट दाखवून रस्ते सुरक्षित झाल्याचं सांगत होतं. हिलमन यांचं म्हणणं असं, की रस्ते होते तसेच धोक्याचे राहिले; मुलांनाच त्यांच्यावरून उचलून घरात आणि गाडीत बसवण्यात आलं.

मुंबई-पुण्यातल्या मध्यमवर्गीय मुलाचा दिवस यापेक्षा वेगळा नाही. सकाळी बस किंवा रिक्षा, दुपारी क्लास, तिथे सोडायला आणि आणायला कुणीतरी, संध्याकाळी सोसायटीचं आवार. आणि त्या आवारातही फाटकापाशी ‘येथे क्रिकेट व फुटबॉल खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी, कारण काच फुटेल ती उभ्या केलेल्या गाडीची. पालक उगाच घाबरतात असंही नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. फुटपाथ जिथे आहे तिथे त्यावर दुचाकी उभ्या असतात. जिथे नाही तिथे मूल थेट वाहनांच्या रांगेत चालतं. अशा रस्त्यावर दहा वर्षांच्या मुलीला एकटी पाठवणं कोणत्याही आईला जड जाणार.

याला ठरलेलं उत्तर म्हणजे, ‘आपल्याकडे जागाच कुठे आहे?’ मोठं जहाज या उत्तराचा पाया काढून घेतं. ‘आयकॉन’ पाण्यावर जेवढी जागा व्यापतं ती जेमतेम दोन हेक्टर, म्हणजे सुमारे पाच एकर. दादरचं शिवाजी पार्क अठ्ठावीस एकरांच्या आसपास आहे. त्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी जागेवर एकावर एक मजले चढवून जवळपास दहा हजार माणसं राहतात, जेवतात, झोपतात, पोहतात, नाटक बघतात, आणि तरीही मुलांना पळायला जागा उरते. मुंबईतला नवा टॉवर उंचीने या जहाजाला हरवतो आणि माणसांच्या दाटीत त्याच्या मागे राहतो. फरक खालच्या मजल्यांवर पडतो. टॉवरचे पहिले पाच-सहा मजले गाड्यांचे असतात, तळमजल्याभोवती गाड्यांची वाट असते आणि फाटकाबाहेर पुन्हा गाड्याच असतात. जहाजावर तीच जागा बाकांना, झाडांना, खेळांना आणि चालणाऱ्यांना मिळते.

मुलांइतकाच हा फायदा आजी-आजोबांचा आहे, आणि मराठी कुटुंबांच्या बाबतीत तो विशेष महत्त्वाचा आहे. बसच्या सहलीत रोज पहाटे बॅगा भराव्या लागतात, रोज नवं हॉटेल, रोज तासन् तास बसून प्रवास. गुडघे दुखणाऱ्या आजीला आणि तीन वर्षांच्या नातवाला हे सारखंच छळतं. जहाजावर बॅग एकदा उघडायची आणि परतताना भरायची. ज्याला झोपायचं तो झोपतो, ज्याला पोहायचं तो पोहतो आणि रात्रीच्या जेवणाला सगळे एका टेबलाशी येतात. मुंबईच्या बॅलार्ड पियरहून सप्टेंबर २०२१ पासून सुटू लागलेल्या कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’वर किंवा सिंगापूरहून निघणाऱ्या ‘जेंटिंग ड्रीम’वर शाकाहारी आणि जैन जेवणही मिळतं, त्यामुळे आजींची ती काळजीही मिटते. ‘एम्प्रेस’ हे १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, ‘आयकॉन’च्या पाचव्या हिश्शाएवढं जहाज. त्यावर घसरगुंड्यांची जत्रा नाही, पण तीन पिढ्यांचं एकत्र आणि तरी सुटंसुटं राहणं तिथेही साधतं.

यावरचा सरळ आक्षेप असा, की हे गाव म्हणजे समुद्रात नेऊन सोडलेला मॉल आहे. त्यात बरंच तथ्य आहे. रॉयल कॅरिबियनच्या एकूण उत्पन्नातला तीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा तिकिटाबाहेरच्या खर्चातून येतो: पेयं, वाय-फाय, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली, कॅसिनो. मुलांच्या हाती दिलेलं व्हिडिओ गेमचं कार्ड चार दिवसांत किती पैसे गिळतं, हे शेवटच्या दिवशी बिल हातात पडल्यावर समजतं. बंदरावर जहाज काही तासच थांबतं आणि बहामातल्या कोकोकेसारख्या कंपनीच्या खासगी बेटावर उतरलं, तर त्या देशातलं खरं गाव दृष्टीसही पडत नाही. मुलांना जग दाखवायचं असेल तर एसटीने कोकणात उतरणं अधिक फलदायी आहे. पण मॉल आणि जहाज यांत एक मोठा भेद आहे. मॉलमध्ये जाताना आणि येताना मुलाला गाडीत कोंबावं लागतं आणि आत त्याचा हात सोडता येत नाही. जहाजावर ते मूल चार दिवस तिथलं रहिवासी असतं. सफाई करणाऱ्या दादाला त्याचं नाव माहीत असतं, जेवणाच्या टेबलावरच्या ताईला त्याला लिंबू सरबत आवडतं हे ठाऊक असतं. लहान मुलाला गाव आपलं वाटायला एवढी ओळख लागतेच.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. समुद्र तो समुद्रच. कोकण किनाऱ्याने १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट गमावली. भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटापाशी खडकावर आदळलं आणि ३२ जणांचा जीव गेला. त्या दिवशी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची आणीबाणीची कवायत झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत कधीही घेतली तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि ती कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. आता अनेक कंपन्या लहान मुलांच्या मनगटावर त्यांच्या जमण्याच्या ठिकाणाचा क्रमांक लिहिलेली पट्टी बांधतात. अमेरिकेने २०१० मध्ये कायदा करून कठड्यांची उंची किमान ४२ इंच ठरवली आणि केबिनच्या दाराला बाहेर कोण आहे ते पाहायची सोय सक्तीची केली. जहाजांवर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसह गंभीर गुन्हे घडतात. त्याच कायद्यामुळे ते नोंदवावे लागतात आणि त्यांची आकडेवारी जाहीर होते. म्हणून रात्री उशिरा किशोरवयीन मुलांना मोकळं सोडू नये. खुद्द कार्निव्हल कंपनी रात्री एकनंतर अल्पवयीन मुलांना सार्वजनिक जागांत एकटं थांबू देत नाही. तलावापाशी तर आई-बापांपैकी एकाची नजर हवीच, जीवरक्षक असो वा नसो.

याच नियमांत या गावाचं मर्म आहे. लंगोटातल्या बाळाला मोठ्या तलावात उतरू देत नाहीत, जेवणाच्या दालनाच्या दारात हात धुवायला लावतात, कारण नोरोव्हायरसची लागण शेकडो प्रवाशांना आडवं करते आणि नुसत्या सॅनिटायझरने तो विषाणू पुरता जात नाही. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांची तपासणी तिथलं सार्वजनिक आरोग्य खातं १९७५ पासून करतं आणि मिळालेले गुण लोकांपुढे ठेवतं. इथे बंधनं घातली जातात ती कठड्यावर, दारावर, स्वयंपाकघरावर आणि कंपनीवर. तेवढं पाळलं गेलं की मुलावर फार थोडी बंधनं उरतात. आपल्या शहरांत गाडीच्या वेगावर बंधन घालायला कोणी धजावत नाही, आणि मग मुलाच्या पायांवर ते घालावं लागतं.

आता या मोकळेपणाचं बिल. ते सगळं प्रवासी भरत नाहीत. गोव्यात सासष्टी आणि बार्देशात अशी असंख्य घरं आहेत, जिथले आई-वडील ‘बोटीवर’ असतात. ब्रिटिश काळापासून गोवेकर आगबोटींवर आचारी आणि वाढपी म्हणून जात आले. मुंबईच्या धोबीतलावात त्यांच्या गावागावांचे ‘कूड’, म्हणजे सामाईक राहण्याच्या जागा, याच नोकऱ्यांच्या आधाराने उभे राहिले. आज त्यांच्याबरोबर फिलिपिन्स आणि इंडोनेशियाची माणसं आहेत. करार सहा ते नऊ महिन्यांचा, तेवढे दिवस स्वतःची मुलं आजीकडे. दुसऱ्याच्या मुलाच्या उशीवर टॉवेलचा हत्ती करून ठेवणारा माणूस स्वतःच्या मुलाचा वाढदिवस फोनवर साजरा करतो. २००६ च्या सागरी श्रम कराराप्रमाणे आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती द्यावी लागते. १६८ तासांतून ते वजा केले की ९१ तास उरतात, आणि विश्रांतीच्या या मोजमापाने पाहिलं तर तेवढं काम नियमात बसतं. कंपन्या किंवा त्यांची जहाजं पनामा, बहामा, लायबेरिया अशा देशांत नोंदलेली असतात, त्यामुळे मजूर कायदा आणि कर दोन्ही हलके होतात. एप्रिल २०२० मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ जहाजावरचे दीडशेच्या आसपास भारतीय कर्मचारी मुंबईच्या तोंडाशी येऊन थांबले होते आणि त्यांना स्वतःच्या देशात उतरण्याची परवानगी मिळायला अनेक दिवस लागले. आपली मुलं ज्यांच्या भरवशावर हिंडतात त्यांची नावं मुलांना माहीत असावीत, ते कुठले आहेत आणि त्यांच्या घरी कोण आहे हे मुलांनी विचारावं, आणि टिप देताना हात आखडू नये, ही सफरीतली किमान सभ्यता आहे.

बिलाचा दुसरा भाग हवेच्या आणि बंदरांच्या नावावर पडतो. ‘इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन’ या संस्थेच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे, तेवढ्याच अंतराचा विमानप्रवास आणि हॉटेलचा मुक्काम यांच्या मानाने क्रूझच्या प्रवाशामागे सुमारे दुप्पट कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २०१६ मध्ये प्रिन्सेस क्रूझेस कंपनीला तेलकट सांडपाणी चोरून समुद्रात सोडल्याबद्दल अमेरिकेत चार कोटी डॉलरचा दंड झाला. व्हेनिसचं उदाहरण तर या लेखाच्या विषयाला थेट भिडतं. बिनगाड्यांचं युरोपातलं सर्वांत मोठं गाव कोणतं, तर व्हेनिस. तिथल्या चौकांत मुलं शतकानुशतकं चेंडू खेळत आली. १९५१ मध्ये त्या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती, आता पन्नास हजारही नाहीत. हे घडायला पर्यटनाचा एकूण रेटा कारण आहे, आणि महाकाय जहाजं त्या रेट्यात भर घालत होती. जून २०१९ मध्ये ‘एमएससी ऑपेरा’ हे जहाज ताबा सुटून धक्क्यावर आदळलं. अखेर १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीने २५ हजार टनांवरच्या जहाजांना ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी केली. बिनगाड्यांचं नकली गाव खऱ्या गावाला जगू देत नसेल, तर असल्या बंदीला विरोध करण्याचा नैतिक हक्क प्रवाशांनाही उरत नाही.

एवढं सगळं मांडल्यावर पालकांनी जाऊ नये असं म्हणायचं का? नाही. तिन्ही पिढ्यांनी वर्षा-दोन वर्षांतून एकदा असं एकत्र राहणं ही मोलाची गोष्ट आहे, आणि ज्यांना परवडतं त्यांनी जरूर जावं. शक्यतो लहान जहाज निवडावं. जवळच्या बंदरातून निघावं. मुलांच्या क्लबात तीन वर्षांखालच्या किंवा लंगोटातल्या मुलाला बहुधा घेत नाहीत, हे आधी पाहून घ्यावं. आणि मुलांना पहाटे एकदा तरी डेकवर नेऊन जमीन दिसेनासा झालेला समुद्र दाखवावा. मात्र तिथे जे मिळालं ते ‘सुट्टीतलं’ म्हणून जहाजावरच सोडून येणं चूक आहे.

कारण ते जमिनीवर करता येतं. महाराष्ट्रातच माथेरान आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे माणूस, घोडा आणि १९०७ पासून धावणारी छोटी गाडी. तिथे मुंबईची मुलं लाल मातीच्या वाटांवर आई-वडिलांच्या कितीतरी पुढे पळत असतात. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. तिथले पालक रस्त्यावर उतरले, तो लढा वर्षानुवर्षं चालला आणि देशाची शहरं बदलली. डेल्फ्टसारख्या गावांत घरांपुढच्या गल्लीत गाडीला माणसाच्या चालीने जावं लागतं आणि खेळणाऱ्या मुलाचा हक्क आधी येतो. पॅरिसने २०२० पासून दोनशेहून अधिक शाळांसमोरचे रस्ते गाड्यांना बंद केले. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा एक भाग गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन पाळते आणि त्या दिवशी तिथे मुलं रस्त्याच्या मधोमध बसून चित्रं काढतात.

तो एक दिवस रोजचा करायला पूल किंवा भुयार लागत नाही. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास समोरचा रस्ता बंद ठेवायला वाहतूक पोलिसांचा आदेश, दोन अडथळे आणि पालकांची तयारी पुरते. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ‘संध्याकाळी पाच ते आठ आवारात गाडी हलणार नाही आणि मनाईची पाटी उतरवली जाईल’ असा ठराव मांडता येतो. सहा महिने पैसे बाजूला काढून मुलांना जहाजावर नेलेल्या पालकांनी तो मांडावा, कारण आपलं मूल मोकळं हिंडलं की कसं बदलतं हे त्यांनी नुकतंच पाहिलेलं असतं. विरोध होईलच. स्पेनमधल्या पाँतेवेद्रा या ऐंशी हजारांवर वस्तीच्या शहरात १९९९ मध्ये नव्या महापौरांनी जुन्या भागातून गाड्या काढल्या, तेव्हा दुकानदारांनी मोठी ओरड केली होती. मिगेल आन्शो फर्नांडेस लोरेस हे त्या महापौरांचं नाव. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत शहराने त्यांनाच पुन्हा खुर्चीवर बसवलं, आणि तिथली बरीच मुलं आज चालत, आपापली शाळेत जातात.